पाठमोरे नागोराव

नागोराव मिस्त्रींचं तोंड कसं आहे, हे मला त्यांच्याकडं जायला लागून पंधरा दिवस झाल्यावर कळलं. तोवर मी त्यांच्या पाठीशी बोलत होतो. मानवतच्या बाहेर, रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं शेड. शेडमध्ये एक लोखंडी स्टूल, आणि त्या स्टुलावर ते कायम गाडीकडं तोंड आणि गिऱ्हाइकाकडं पाठ करून बसायचे. रुंद पाठ, तिच्यावर बनियन, बनियनला डाव्या खांद्याखाली एक भोक. ते भोक मी आजही कागदावर हुबेहूब काढून दाखवीन.

नवा माणूस यायचा, पाच मिनिटं त्या पाठीला गाडीचं दुखणं सांगायचा आणि चिडायचा.

"मिस्त्री, जरा इकडं बघून बोला की."

"तुमाला काय झालंय?"

"मला काय व्हायचंय? गाडीला झालंय."

"मंग तिच्याकडंच बघायलोय की."

एकदा एका पुढाऱ्याची गाडी आली. चार माणसं पुढं पळत आली, साहेब आलेत म्हणून सांगू लागली. पाठ हलली नाही. शेवटी साहेब स्वतःच वळसा घालून बॉनेटपाशी जाऊन उभे राहिले आणि हसून नमस्कार केला. नागोरावांनी हातातला पान्हा कपाळाला लावून नमस्कार परत केला आणि म्हणाले, "सरकार, जरा सरकता का? उजेड अडायलाय."

सरकार हे ते सगळ्यांनाच म्हणायचे. पुढाऱ्याला, मला, दूधवाल्याला आणि शेडमध्ये शिरणाऱ्या शेळीलाही.

शेडच्या मागच्या भिंतीवर खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेक मोडका भाग लटकत असे. जळालेली क्लचप्लेट, दात पडलेलं गिअर, वाकलेला दांडा. खाली खडूनं मालकाचं नाव. भाग आपोआप मोडला असेल तर तो भंगारात जायचा. मालकाच्या शहाणपणानं मोडला असेल तरच त्याला भिंतीवर जागा मिळायची. त्या भिंतीवर आमच्या भागातली बरीच इभ्रतदार माणसं टांगलेली आहेत. खिळ्याला लटकत नाही म्हणून माझ्यासाठी खाली एक फळी मारावी लागली. ती का, ते सांगतो.

माझा धंदा टोचनचा. म्हणजे बंद पडलेली, रुतलेली, उलटलेली गाडी ओढून आणायची. पिंगळीत माझं घर. गाडी घेण्याआधी मी शेती करत होतो आणि तिथं मला बैलानं गुडघ्यावर लाथ घातली होती. त्या डाव्या गुडघ्यानं क्लच दाबवेना. अशात, एका धरणाच्या कामावरचा परदेशी बनावटीचा जुना ट्रक लिलावात निघाला. मागं ओढायचा हूक, वर दोरखंडाचं यंत्र, आणि पायाशी दोनच पायडल. क्लच नाहीच. मला वाटलं, हा ट्रक देवानं माझ्या गुडघ्याकडं बघूनच बनवलाय. इंजिन बघितलं नाही, गिअरबॉक्स बघितली नाही, पायडल मोजले आणि हात वर केला.

पहिल्या हंगामात उसाच्या चार ट्रॉल्या ओढल्या. पाचवी ओढताना राणीसावरगावच्या चढावर इंजिन नुसतं ओरडू लागलं आणि ट्रक जागेवर. खालून धूर. त्या दिवशी मला टोचन करायला दुसऱ्या गावाहून ट्रॅक्टर आला. टोचनवाल्याची वरात टोचनवरून निघालेली लोकांनी उभं राहून बघितली.

ट्रक पावसाळाभर दारात पडून राहिला, आणि पुढचा हंगाम तोंडावर आल्यावर अशाच थाटात, टोचन होऊन, मी नागोरावांच्या पाठीसमोर दाखल झालो.

त्यांनी तेल काढलं, दोन बोटांनी चोळलं, वास घेतला. "पिठलं करपल्यावानी यायलाय," म्हणाले. मग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला भोपळ्याएवढा एक लोखंडी गोळा उतरवला. त्याला कन्व्हर्टर म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. नागोराव त्याला डेग म्हणायचे, कारण तो दिसायला बिर्याणीच्या तोंड बंद केलेल्या डेगेसारखाच होता.

"असलं कधी खोललंय का मिस्त्री?" मी भीत भीत विचारलं.

"न्हाई."

"मंग?"

"मंग काय? खोललं न्हाई म्हणून तर खोलायचंय."

तो गोळा काय करतो, हे त्यांनी मला काळ्या तेलाच्या अर्ध्या ड्रमपाशी उभं करून दाखवलं. तेलावर लिंबाचं एक वाळकं पान टाकलं आणि कडेनं काडीनं तेल ढवळायला लागले. पान काडीपासून वीतभर लांब, तरी गरागरा फिरू लागलं.

"काडी म्हंजे इंजिन. पान म्हंजे चाकं. मधी काय हाय?"

"तेल."

"हां. एकमेकाला हात न लावता फिरवायचं. म्हणून क्लच नको. पण काडी लय जोरात आणि पानावर दगड ठिवला तर काय हुईल?"

"पान फिरायचं नाही."

"आणि तेल तापंल. सरकार, तुमच्या डेगेत तेच झालं. तुमी तळण काढलं आतमधी."

जुना गोळा आतून झिजून पंखे सुटले होते. कंपनीनं तो बनवायचं बंद केलेलं. दुसऱ्या कुणी बनवलेला, पण याच गिअरबॉक्सला बसणारा शोधायचा म्हणून आम्ही दोघं हैदराबादला गेलो. त्या बाजारात तीन मिळाले. एक निळाभोर, चकाकणारा, हलका. एक जुनाच, पण रंगवून नवा केलेला. आणि तिसरा मातकट, जड, वेल्डिंगचे वळ उठलेला. दुकानदारालाही दाखवायची लाज वाटावी असा.

मी निळ्याच्या प्रेमात पडलो. दुकानदारानं ते बघितलं आणि निळ्यावरून हात फिरवत म्हणाला की हा लावला की गाडी उडी मारते.

नागोराव तोवर दुकानाकडं पाठ आणि तिन्ही गोळ्यांकडं तोंड करून फरशीवर बसले होते. "उडी मारून जाती कुठं?" त्यांनी विचारलं. "मागं दोन ट्रॉल्या ऊस हाय. इंजिनाच्या किती फेऱ्यावर पकडतो ते बोला."

दुकानदारानं आकडा सांगितला. नागोरावांनी मान हलवली. "म्हंजे इंजिन आधी बोंबलणार, मंग गाडी हलणार. तवर तेल उकळणार. मोकळी गाडी पळवायला हा ब्येस. सरकार, लग्नात नाचायला येगळा गडी लागतो आणि पोतं उचलायला येगळा. तुमी नाच्या न्यायला आलाव का हमाल?"

मी म्हणालो, हमाल. पण डोळे निळ्यावरच होते.

मग त्यांनी प्रत्येक गोळा कानाशी धरून हलवला. गळ्यातून आत बोटं घातली. खिशातला दाढीचा आरसा काढून, बॅटरीचा उजेड पाडून आतले पंखे नुसते दुमडून बसवलेत का वितळवून जोडलेत, ते बघितलं. गाडी चढाला लागल्यावर आतली कुलपाची प्लेट बसून तेलाचं घुसळणं थांबतं. ती प्लेट एक आहे का जास्त, ते विचारलं. दुकानदार वैतागला.

"चाचा, सीलबंद माल है. भरोसा रखो."

"भरोसा रखने कू मंदिर हय," नागोराव पाठमोरेच म्हणाले. "दुकान में तो उंगली डाल के देखना पडता."

निळ्यात एक प्लेट होती. मातकटात चार. तो कमी फेऱ्यांवरच पकडत होता. त्याच्यासोबत तेल थंड करायची एक मोठी जाळी घेतली आणि आम्ही परत निघालो. रेल्वेत नागोराव जाताना-येताना माझ्याकडं पाठ आणि खिडकीकडं तोंड करून, आणि तो कुरूप गोळा माझ्या मांडीवर. समोरच्या बाईनं विचारलं, कुणासाठी नेताय? मी तोंड फिरवलं.

परत आलो त्या आठवड्यात नागोरावांनी एक गोष्ट केली, जी आठवली की मला अजून घाम फुटतो. ऊसवाहतुकीचा गुत्तेदार अंगदराव शेडवर आला होता. हंगामात उसाच्या गाड्या ओढायचं काम तोच देतो. भिंतीलगत उभा केलेला ट्रक बघून तो हसला. "मिस्त्री, क्लच नसलेलं खेळणं लेकराला द्या. राणीसावरगावच्या चढावर दोन भरलेल्या ट्रॉल्या हे ओढतंय व्हय?"

"ओढतंय."

"मधीच थांबवून परत उचलंल?"

"उचलंल."

"आणि न्हाई उचललं तर?"

पाठ वाकली, एक नट आवळून सरळ झाली. मग म्हणाली, "तर मी पान्हा खाली ठिवला. परत हातात धरणार न्हाई."

शेडमध्ये सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. अंगदरावनं साखर कारखान्याचा बॉयलर पेटून हंगाम सुरू व्हायचा दिवस ठरवून टाकला. त्याला वाटलं गंमत झाली. नागोरावांना पान्ह्याशिवाय दुसरं काहीच येत नव्हतं; बायको जाऊन दहा वर्षं झालेली, पोरगी नांदेडला दिलेली, आणि शेडमधल्याच बाजेवर ते झोपायचे. मी हळूच म्हणालो, "मिस्त्री, माझ्या गाडीपायी कशाला?"

"तुमच्या गाडीचा काय संबंध? त्यानं माझ्या कामाला खेळणं म्हटलं."

आता माझा पराक्रम. मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं नांगरापासून सुईपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते. एवढ्या लांबून आणलेली वस्तू पूजेवाचून बसवायची हे माझ्या मनाला पटेना. मी गोळा एक दिवस घरी न्यायला मागितला. नागोरावांनी त्याच्या तोंडाला धुतलेला फडका बांधून दिला आणि म्हणाले, "फडका सोडू नका."

घरी पाटावर मांडला. हळद, झेंडूची माळ. सगळं झाल्यावर मला वाटलं, तोंड बांधून कुणी पूजेला बसतं का? देवाला तोंड दिसलं पाहिजे. सोडला फडका. कुंकवाच्या अक्षता वाहिल्या, त्यातल्या बऱ्याच सरळ गळ्यातून आत गेल्या. नारळ फोडायला दगड मिळेना, म्हणून मी तो त्या गोळ्याच्याच लोखंडी गळ्यावर हाणला. नारळ फुटला. पाणी कुठं गेलं ते मी बघत उभा राहिलो.

बायको दारातून म्हणाली, "आवो, त्याला पाजायचं व्हतं व्हय?"

मी गोळा उलटा केला, हलवला, थोडं पाणी आणि पाचसहा तांदूळ पडले. वाटलं, आले सगळे. फडका परत बांधला, अगदी नागोरावांच्याच गाठीसारखी गाठ मारून. माझ्या आयुष्यात मी तेवढी एकच गोष्ट हुबेहूब केलेली आहे.

गोळा बसला. तीन दिवस ट्रक सशासारखा पळाला. चौथ्या दिवशी झटके द्यायला लागला, आणि कुलपाची प्लेट लागेना. बॉयलर पेटायला चार दिवस.

नागोरावांनी गिअरबॉक्सचं तेल खाली घेतलं, आतली गाळणी काढली. मी त्यांच्या पाठीमागं उभा. मग खांद्यावरून मागं एक तळहात आला. तळहातावर तेलानं काळा पडलेला, कडेला अजून लाल दिसणारा तांदळाचा दाणा.

"सरकार, हैदराबादच्या मालात असं निघत असतं व्हय?"

मी सगळं सांगितलं. फडका, अक्षता, नारळ. बायको काय म्हणाली तेही सांगितलं, कारण आता वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ते स्टूल फिरलं आणि नागोराव माझ्याकडं तोंड करून बसले. बारीक डोळे, पांढऱ्या भुवया, नाकावर तेलाचा पट्टा. शिव्यांची वाट बघत मी मान खाली घातली.

"देवाला निवद दाखवत्यात, सरकार. भरवत न्हाईत."

एवढंच बोलले आणि परत फिरले. मला वाटतं, शिव्या बऱ्या पडल्या असत्या.

हैदराबादच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, सीलबंद वस्तू आहे, उघडत नसते. फेकून द्या, दुसरा पंधरा दिवसांनी येईल. नागोरावांनी फोन माझ्या हातातून घेतला. "सील कुणी केलं, भाई?"

"कंपनीने."

"कंपनी में आदमी लोगां रहते ना? मंग आदमी खोलेगा."

पुढचे तीन दिवस मी जे बघितलं ते सांगायला माझ्याकडं धंद्यातले शब्द नाहीत. आधी त्यांनी गोळ्याच्या जोडावर आडव्या सहा खुणा ठोकल्या, म्हणजे परत जोडताना दोन्ही अर्धे केसाएवढेही फिरू नयेत. मग लेथवर चढवून वेल्डिंगचा वळ इतका हळूहळू कापला, की तेवढ्या वेळात गवंड्यानं भिंत बांधून दिली असती. झाकण निघालं. आत खरोखरच दोन पंखे समोरासमोर, आणि त्यांच्या पात्यांमध्ये माझी खंडेनवमी अडकलेली.

"प्लेटीचं अस्तर अजून धरून हाय," ते म्हणाले. "पाणी अजून चार दिस राहिलं असतं तर सुटलं असतं." मग एक चिमटा आणि डिझेलची वाटी माझ्यापुढं सरकवली. "तुमचा निवद. उष्टं तुमीच काढा."

मी दाणे वेचले. एकेका पात्याआडून, गुडघा दुमडून, दोन दिवस. सगळे झाले म्हटलं की ते आरसा घालून बघायचे आणि आणखी एक दाखवायचे. येणारे-जाणारे विचारायचे, हे काय चाललंय? नागोराव सांगायचे, "तांदूळ निवडायलेत." कुणी विचारलं की पैज हरलात तर काय करणार, की म्हणायचे, "हरल्यावर या, सांगतो." भर दुपारी एकदा मी त्यांना मोठ्या पान्ह्याची मूठ धुताना बघितलं. काम संपलेल्या माणसानं भांडं धुऊन ठेवावं तसं. मला बघितलं आणि पान्हा लगेच तेलात बुडवला.

तिसऱ्या दिवशी खुणेला खूण जुळवून वेल्डिंग, लेथवर फिरवून डगमग तपासणं, मग गोळा जागेवर. चाचणी घ्यायला वेळच उरला नाही. चढ हीच चाचणी.

राणीसावरगावच्या चढाखाली सकाळी माणसं जमली होती. ऊसतोडीची एक टोळी मजल दरमजल कारखान्याकडं निघालेली. ती बायका-माणसंही बैलगाड्या सोडून बांधावर बसली. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढं इंजिन बंद ठेवलेला ट्रॅक्टर, त्याच्या पुढं हुकाला माझा ट्रक. नागोराव खिडकीशी आले. "पाय ठिवा. दाबू नका. तुमचं आयुष्य दाबण्यात गेलंय." आणि रस्त्याच्या कडेला जाऊन चढाकडं पाठ करून उभे राहिले.

अंगदराव ओरडला, "मिस्त्री, बघा तरी."

"चालू द्या."

निघालो. दोरखंड ताणला, ट्रॉल्या करकरल्या, ट्रक हलला. अर्ध्या चढावर अंगदरावनं हात केला. थांबायचं. थांबलो. आरशात पाठीमागचा सगळा ऊस मला खाली ओढताना दिसत होता, आणि त्याच्याही खाली, एवढीशी, ती पाठ.

हात परत वर झाला. मी ब्रेक सोडला, पाय ठेवला. ट्रक जागेवरच थरथरला. माझा पाय खाली जायला आपसूक शिवशिवला. आयुष्यभर मी अशा वेळी दाबतच आलो होतो. मी उजव्या पायाचा गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवला, स्टिअरिंग छातीनं. हसू नका, तशीच वेळ होती. एक श्वास, दोन. मग ट्रक मुंगीसारखा सरकला. सरकला तो थांबला नाही. थोडं वर गेल्यावर इंजिनाचा आवाज एकदम खाली आला, जडावला, संथ झाला. प्लेटा बसल्या होत्या.

वर पोचून मी उतरलो तेव्हा खाली अंगदराव नागोरावांपाशी गेला होता. बांधावरच्या टोळीतल्या एका म्हातारीनं मला नंतर सांगितलं ते असं. अंगदराव म्हणाला, "चढली बघा, मिस्त्री." नागोराव वळलेही नाहीत. म्हणाले, "मला काय सांगता? मी ऐकायलोय. तुमीच नुसतं बघायलाव."

टोचनचं काम मला मिळालं, आजही आहे. काचेच्या एका बरणीत कुंकवाचे ते काळे तांदूळ भरून नागोरावांनी भिंतीखाली खास फळी मारून ठेवले. खाली खडूनं माझं नाव आणि गाव.

पुढं त्यांचे कान गेले. आधी डावा, मग दोन्ही. पोरगीनं कानाचं यंत्र आणून दिलं. आठ दिवसांनी मी गेलो तर यंत्र पाटावर उघडं, त्याचे दाणे-दाणे वेगळे. "सीलबंद व्हतं," म्हणाले. "माणसं ऐकू येत्यात त्याच्यातून. माणसं कशाला पायजेत?" लोक सांगू लागले, मिस्त्री, आता पुरे. ऐकू येत नाही त्या माणसानं यंत्राला हात लावू नये. पोरगी न्यायला येऊन बसली. अंगदरावही म्हणाला, आता तो मोठ्या आदरानं बोलायचा, की मिस्त्री, आता पान्हा खाली ठेवा.

परवाच्या बॉयलरआधी मी ट्रक दाखवायला नेला. चढावर मला बारीक झटका जाणवत होता. नागोराव स्टुलावर होते, पण तोंड रस्त्याकडं. आता ओठ बघितल्याशिवाय त्यांना बोलणं कळत नाही. मला ते फार चुकीचं वाटलं, देवाला उलटं मांडल्यासारखं. मी ओठ मोठे मोठे हलवून सगळं सांगितलं. आणि, मी मूर्ख आहेच, शेवटी हेही म्हणालो, "मिस्त्री, सगळे म्हणायलेत तर थांबा की आता."

त्यांनी माझे ओठ नीट वाचले.

"पान्हा खाली ठिवायला मी एकदाच तयार झालतो, सरकार. त्या चढावर. तवा चढली ना गाडी?"

"चढली."

"मंग आता कोण ठिवायला लावतो?"

उठले. इंजिन चालू करायची खूण केली. मी चढून चावी फिरवली. त्यांनी बनियन काढून स्टुलावर टाकलं, ट्रकच्या कडेला, बरोबर त्या गोळ्याच्या अंगाला आले, आणि गाडीकडं तोंड करून उभं राहायच्या ऐवजी वळले. उघडी पाठ लोखंडाला टेकवली. डोळे मिटले. मी खिडकीतून बघत होतो. खाली पांढरे केस, आणि थरथरणाऱ्या पत्र्यावर त्यांचे खांदेही तेवढेच थरथरताना.

मग डोळे न उघडता त्यांनी हात वर केला आणि तळहात हळूच खाली आणला. पाय ठेवा, दाबू नका.